जुन्या स्विफ्टला टर्बो: पैसे कुठं वाचवायचे आणि कुठं नाही

टर्बोचा, म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून त्याच इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, विषय निघाला की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "टर्बो केवढ्याला पडतो?" खरं तर आधी विचारायला हवं ते वेगळंच. इंजिनात जास्तीची हवा कोंबल्यावर त्या हिशोबानं पेट्रोल कोण सोडणार, ठिणगी कधी पडायची हे कोण ठरवणार, आणि हे सगळं बरोबर चाललंय हे तुम्हाला कळणार कशावरून? या तीन गोष्टींना पैसे ठेवले असतील तर टर्बो भंगारातला घेतला तरी चालतो. ठेवले नसतील तर नवाकोरा टर्बोसुद्धा पिस्टन फोडायचंच काम करेल.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे आणि गाडी २००७ची स्विफ्ट पेट्रोल, १.३ लिटरची. इंजिन १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, कागदावर ८७ बीएचपी आणि ११३ न्यूटन-मीटर. पुढचं सगळं याच इंजिनाला धरून लिहितोय, पण एस्टीम, झेन, सँट्रो अशा त्या काळातल्या कुठल्याही एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाडीला रीत हीच. कोल्हापुरात राहणाऱ्याला यात एक मोठा फायदा आहे. लोखंडाचं काम आपल्याकडं जितकं स्वस्त आणि जितकं नेटकं होतं, तितकं फार थोड्या गावांत होत असेल. म्हणून बचत लोखंडात करायची आणि वाचलेला पैसा मोजमापात घालायचा. माझा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

आधी कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि उद्या अपघात झालाच, तर विमा कंपनी पहिल्यांदा बॉनेट उघडून बघणार. टर्बोला जागा करायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निघतो, म्हणजे पीयूसीचाही प्रश्न संपला. तेव्हा ही गाडी ट्रॅकची, ऑटोक्रॉसची, बंद मैदानाची. मी ती ट्रेलरवर घालून नेतो. रोज बायको-पोरांना घेऊन फिरायच्या गाडीला हा उद्योग करू नका. कागलच्या पुढं हायवे मोकळा दिसला म्हणून तिथं तर अजिबात नको.

इंजिन त्या लायकीचं आहे का

टर्बो इंजिनातला दोष लपवत नाही, मोठा करून दाखवतो. म्हणून एक रुपया खर्च करण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. चार सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर टर्बोचा विचार बाजूला ठेवा आणि आधी इंजिन करा. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा वर चढला तर रिंगा गेल्यात. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आपल्याला इंजिन उघडून लो-कॉम्प्रेशन पिस्टन टाकायचे नाहीत, कारण तिथंच बजेट संपतं. कंपनीच्या ओतीव पिस्टनवर, मूळ हेड गॅस्केटवर, ०.४ बारच्या बूस्टवर, म्हणजे टर्बोनं वाढवलेल्या हवेच्या दाबावर, थांबायचं. गाड्या मरतात त्या ०.४ वरून ०.८ वर जायच्या मोहात.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकदाच बदलून घ्या. नंतर टर्बोच्या पाइपांतून हात घालून ती कामं करणं महाकठीण.

पाच मिनिटांचा हिशोब

टर्बो निवडण्याआधी इंजिनाला किती हवा लागणार ते काढा. १.३ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३.९ घनमीटर जागा रिकामी करतं. ८५ टक्के भरतं असं धरलं तर ३.३ घनमीटर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे, त्यामुळं आपल्याकडं हवेचा दाब मुळातच ०.९५ बारच्या आसपास. म्हणजे कागदावरचे ८७ घोडे इथं ८०-८२ च भरतात. त्यावर ०.४ बार बूस्ट दिला आणि इंटरकूलरनंतर (दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर) हवा ५०-५५ अंशांवर ठेवली, तर मिनिटाला पावणेपाच किलोच्या आसपास हवा जाते. त्यातून शंभर ते एकशे पाच बीएचपी निघतात. हजार किलोच्या आसपासच्या गाडीला एवढे खूप झाले. त्यातही खरी मजा पीकच्या आकड्यात नसून ३००० ते ५०००च्या मधल्या टॉर्कमध्ये आहे.

म्हणजे आपल्याला शंभर ते एकशे वीस बीएचपीच्या मूळ गाडीवरचा टर्बो पाहिजे. तो कुठं मिळतो? गेल्या काही वर्षांतल्या १.० आणि १.२ लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्यांवर. बलेनो आरएस, व्हेन्यू, नेक्सॉन पेट्रोल, पोलो टीएसआय या सगळ्या याच पट्ट्यातल्या. त्यातल्या अपघातात टोटल लॉस झालेल्या गाड्यांचे पार्ट जुन्या बाजारात येतात. मी याच जातीचा, पेट्रोल गाडीवरचा टर्बो शोधून घेतला.

डिझेलचा टर्बो स्वस्त मिळतो, ढिगानं मिळतो, आणि सगळे तोच सुचवतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. डिझेलचा धूर साधारण आठशे अंशांपर्यंत तापतो, पेट्रोलचा साडेनऊशे-हजारपर्यंत जातो. साध्या वेस्टगेटचा (जास्तीचा धूर बाजूनं सोडून बूस्ट आवरणारी झडप) डिझेल टर्बो कमी बूस्टवर काही काळ तग धरतो, पण व्हीजीटी, म्हणजे आत हलणारी पाती असलेला, पेट्रोलवर लावू नका. पाती त्या उष्णतेत अडकतात. पेट्रोलवर चालणारा व्हीजीटी पोर्शनं २००६च्या ९११ टर्बोत आणला, तो बोर्गवॉर्नरकडून खास धातू वापरून करून घेतलेला. तो भंगारात सापडणार नाही. दुसरी गोष्ट, १.३ डिझेलचे ते अगदी छोटे टर्बो २००० आरपीएमला छान ओढतात आणि ४५००च्या पुढं गळा आवळल्यासारखे होतात. वर धूर बाहेर पडायला जागा नसली की सिलिंडरमध्ये गरम वायू अडकतो आणि नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल अवेळी आपोआप भडकण्याला, आमंत्रण मिळतं.

जुना टर्बो घेताना डायल गेज बरोबर घेऊन जा. शाफ्ट पुढं-मागं ओढून बघा, चाल जवळजवळ शून्य पाहिजे; ०.१ मिलिमीटर दिसली तरी कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट-बेअरिंगचा मधला भाग, बदलायला आला. आडव्या दिशेनं थोडी चाल असतेच, कारण शाफ्ट चालताना ऑइलच्या थरावर तरंगतो. फक्त चाक हाउसिंगला घासायला नको. कॉम्प्रेसरच्या पात्यांची टोकं बोटानं तपासा. एखादं जरी दुमडलेलं असेल तर सोडून द्या. हा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो, तिथं ग्रॅमच्या हिश्श्याचा तोल गेला तरी बेअरिंग टिकत नाही. कार्ट्रिज नवीन टाकणार असाल तर बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागा. आणखी एक बघायचं: वेस्टगेट उघडणारा ॲक्च्युएटर हवेवर चालणारा आहे की इलेक्ट्रिक. नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक आलेत. ते असले तर काढून ०.३५-०.४ बार स्प्रिंगचा साधा ॲक्च्युएटर बसवायचा. त्याची ब्रॅकेट लेथवाल्याकडं तासाभरात होते.

मॅनिफोल्ड: इथं कोल्हापूर कामाला येतं

तयार टर्बो मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर टर्बोपर्यंत नेणारी नळ्यांची जोडणी, या गाड्यांना मिळत नाही. करून घ्यायचा. काहीजण मूळ बिडाच्या मॅनिफोल्डलाच फ्लँज (बोल्टनं जोडायची चपटी पट्टी) वेल्ड करतात. बिडावरचं वेल्डिंग गरम-गार होऊन तडकतं, त्या नादाला लागू नका. फौंड्रीत ओतून घ्यायचा विचार आपल्या गावात मनात येणारच. पण एका नगासाठी पॅटर्न आणि कोअर बॉक्सचा खर्च परवडत नाही.

सगळ्यात चांगला आणि स्वस्त मार्ग म्हणजे शेड्यूल ४०चे सीमलेस एल्बो. सव्वा इंची घ्या: बाहेरून ४२.२ मिलिमीटर, भिंत साडेतीन मिलिमीटरची, आतून ३५. या इंजिनाच्या एका पोर्टला एवढा व्यास भरपूर झाला. हे एल्बो म्हणजे साखर कारखान्यांच्या बॉयलर आणि वाफेच्या लाइनीला लागणारा माल. त्यामुळं पाइप फिटिंगच्या दुकानात सहज मिळतो आणि किलोच्या भावासारखा पडतो. आणि त्याचं वेल्डिंग करणारी माणसंही इथंच आहेत. गाड्यांचे सायलेन्सर जोडणाऱ्याकडं न जाता बॉयलरच्या पाइपांचं टिग वेल्डिंग करणाऱ्याकडं जा. एकच काळजी, गळीत हंगाम संपला की हे लोक कारखान्यांच्या दुरुस्तीत अडकतात. कारखाने चालू असताना गाठलं तर निवांत काम होतं.

आधी आमच्याकडं व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) फ्लँज कापल्या: हेडकडची १२ मिलिमीटर एमएस प्लेटची, टर्बोकडचीही तेवढीच. हेडकडच्या फ्लँजचं माप गॅस्केटवरून घ्या, नवीन गॅस्केट स्कॅनरवर ठेवलं की झालं. टर्बोची जागा पुठ्ठा आणि पीव्हीसीच्या तुकड्यांनी ठरवा. बॉनेट लावून बघा, रेडिएटरचा पंखा, ब्रेकचं मास्टर सिलिंडर, वायरिंग आणि क्लचची केबल किती लांब राहते ते बघा. टर्बोचं ऑइल इनलेट वर, ड्रेन खाली, आणि ड्रेन उभ्या रेषेपासून पंधरा अंशांहून जास्त कललेला नको. मी या मांडणीत वेळ घातला आणि तुम्हीही घाला. एकदा टाके मारले की बदलायची संधी नाही.

आमचे वेल्डर अण्णा पन्नाशीचे, आयुष्य बॉयलरवर गेलेलं. फ्लँज बघून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "ही अखंड का ठेवलीस रे?" मी म्हटलं, "मजबूत राहील म्हणून, अण्णा." ते म्हणाले, "लोखंड तापलं की पसरणार. त्याला जागा नाही दिलीस तर ते स्टड तोडून जागा करेल." मग दोन पोर्टांच्या मधे फ्लँजला बारीक काप दिले. वेल्डिंग करताना फ्लँज जुन्या भंगार हेडवर सगळ्या नटांनी आवळून ठेवली, टाके एका टोकाकडून दुसऱ्याकडं न मारता आलटून पालटून मारले, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय नट सोडले नाहीत. एवढं करूनही फ्लँज थोडी वाकतेच. ती सरफेस ग्राइंडरवर घ्यायची आणि सरळपट्टीखाली ०.०५चा फीलर गेज जात नाही इथपर्यंत आणायची. आतल्या बाजूला वेल्डचे थेंब लोंबत असतील तर डाय ग्राइंडरनं काढा. सुटून आलेला एक थेंब टर्बाइनची पाती उडवतो.

स्टडला नायलॉक नट नकोत, आतलं नायलॉन वितळतं. कॉपरचे लॉक नट किंवा धातूचेच घट्ट बसणारे नट लावा. गॅस्केट अनेक थरांचं स्टीलचं.

उष्णतेसाठी महागडे टर्बो ब्लँकेट मागवायची गरज नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत भट्टीला जे पांढरं सिरॅमिक फायबर ब्लँकेट लागतं, ते १२६० अंशांचं असतं. त्याचा तुकडा टर्बाइन हाउसिंगभोवती आणि वर पत्र्याचं कव्हर. कापताना मास्क आणि हातमोजे घाला, त्याची कुस फुफ्फुसात जायला नको. कॉम्प्रेसर हाउसिंग मात्र उघडंच ठेवा, ती बाजू गार राहिली पाहिजे.

ऑइल

बिघडलेल्या टर्बोंची कारणं बघितली तर बहुतेक वेळा ऑइलशीच येऊन थांबतात. ऑइल जायची लाइन इंजिनाच्या ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी बसवून घ्यायची. त्या आट्या बऱ्याच जपानी इंजिनांत टेपर असतात, तेव्हा थ्रेड गेज लावल्याशिवाय टी कापू नका. लाइन स्टीलच्या जाळीची, आतून टेफ्लॉन, हायड्रॉलिक होजवाल्याकडं पाहिजे त्या मापाची दाबून मिळते.

परतीची लाइन जास्त महत्त्वाची. टर्बोतून बाहेर पडणारं ऑइल फेसाळ असतं आणि त्याला मागून दाब नसतो. ते फक्त उतारावर वाहतं. आतून किमान १६ मिलिमीटर, जमलं तर १९ मिलिमीटरची नळी, कुठंही खोलगट वळण नको, आणि ती ऑइल संपला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) ऑइलच्या पातळीच्या वर जोडायची. संप काढून, आतून-बाहेरून धुऊन, तिथं नळकांडं वेल्ड करा, पाणी भरून गळती बघा, मगच बसवा. ड्रेन तुंबला की ऑइल सीलमधून धुराड्यात येतं, निळा धूर निघतो आणि लोक म्हणतात टर्बो गेला. टर्बो ठणठणीत असतो, नळी चुकलेली असते.

टर्बोला पाण्याचे कनेक्शन असतील तर जोडाच. ऑइल चांगलं सिंथेटिक ५डब्ल्यू-४०. पहिल्यांदा चालू करण्याआधी इंधन आणि इग्निशन बंद ठेवून स्टार्टर मारा आणि परतीच्या नळीतून ऑइल पडताना डोळ्यांनी बघा.

हवेचा रस्ता

इथं फार खोलात जायला नको. ०.४ बार बूस्टला, कोल्हापुरी उन्हाळ्याच्या ३५ अंशांत, कॉम्प्रेसरमधून हवा नव्वद अंशांच्या आसपास बाहेर येते. इंटरकूलर ती पंचावन्नवर आणतो. कुठल्याही छोट्या डिझेल गाडीचा जुना इंटरकूलर चालतो, आतून पेट्रोलनं धुऊन आणि वाळवून घ्या. दोन्ही टोकं बंद करून एक बार हवा भरा आणि पाण्याच्या टाकीत बुडवा, पंक्चर काढताना ट्यूब बुडवतात तसा. पाइप ५० मिलिमीटरचे, टोकाला कड उठवलेले, सिलिकॉन होज आणि टी-बोल्ट क्लॅम्प. सगळं जोडल्यावर टर्बोच्या तोंडापासून पुन्हा ०.५ बार दाब देऊन साबणाचं पाणी मारा.

हमखास विसरल्या जाणाऱ्या दोन गोष्टी. पीसीव्ही व्हॉल्व्हच्या (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत ओढणाऱ्या) नळीत एकाच दिशेनं उघडणारा चेक व्हॉल्व्ह घाला, नाहीतर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये जाऊन सील उडवेल. कॅनिस्टरच्या (टाकीतली पेट्रोलची वाफ धरणारा डबा) पर्ज लाइनलाही तसाच. आणि ब्रेक बूस्टरच्या नळीतला मूळ चेक व्हॉल्व्ह तोंडानं फुंकून तपासा. तो फुटका असेल तर बूस्टमध्ये ब्रेकची मदत जाते, आणि टर्बो लावलेल्या गाडीत ते कोणाला परवडणार?

वेस्टगेटला जाणारी हवेची नळी थेट कॉम्प्रेसरच्या बाहेरच्या तोंडावरून घ्या. तिला मधे टी मारून मीटर, बीओव्ही (ॲक्सिलरेटर सोडल्यावर बूस्ट बाहेर सोडणारी झडप), काही जोडू नका. ती निसटली की वेस्टगेट उघडत नाही आणि बूस्ट बेलगाम चढतो.

पेट्रोल आणि ईसीयू: इथं हात आखडू नका

१०५ बीएचपीला, बूस्टमधलं जाडसर मिश्रण धरून, तासाला साडेअठ्ठावीस किलो पेट्रोल लागतं. चार इंजेक्टरांत वाटलं आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त उघडे राहू नयेत असं धरलं, तर प्रत्येकी मिनिटाला १९० सीसी. आता पंपावर ई२० मिळतं, ज्यातलं इथेनॉल आपल्याच भागातल्या उसातून आलेलं असायची शक्यता मोठी. ते सात टक्के जास्त लागतं, म्हणजे २०५ झाले. शिवाय बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि त्याला इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा, दाब कळत नाही. ३ बारचं इंधन ०.४ बारच्या उलट दाबाविरुद्ध सोडायचं म्हणजे उरले २.६. त्यानं प्रवाह सात टक्के घटतो. सगळं धरून २२० लागतात, म्हणून २५०चे इंजेक्टर घ्या. एकाच मापाचा जुळता संच घ्या आणि क्लीनिंगवाल्याकडं चौघांचा प्रवाह मोजून घ्या.

पंप लगेच बदलू नका, आधी मोजा. लाइनीत गेज लावून दाब ३ बार ठेवा आणि अर्ध्या मिनिटात किती पेट्रोल येतं ते मापात घ्या. अर्धा लिटरच्या वर आलं तर मूळ पंप पुरतो. हे मोकळ्या जागेत, इंजिन गार असताना, अग्निशामक हाताशी ठेवून. ई२० साठी जुन्या रबरी नळ्या मात्र सगळ्या बदला, २००७च्या नळ्या त्यासाठी केलेल्या नाहीत.

मूळ ईसीयूला, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी ठरवणाऱ्या गाडीच्या कॉम्प्युटरला, बूस्ट कळत नाही. त्याचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबाच्या जरा वरपर्यंतच मोजतो, पुढं आंधळा. फ्युएल प्रेशर वाढवून ईसीयूला फसवायचे जुने उपाय आहेत. त्यांनी पेट्रोल कसंबसं जमतं, पण टायमिंग (ठिणगीची वेळ) जमत नाही, आणि पिस्टन टायमिंगमुळं फुटतो. म्हणून स्पीडुइनो घ्या. आर्डुइनो मेगावर चालणारा, आराखडा सगळ्यांना खुला असलेला ईसीयू आहे. त्यावर अडीच बारपर्यंत मोजणारा मॅप सेन्सर बसतो. सोल्डरिंग येत असेल तर बोर्ड स्वतः जोडा, गावात इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं ही कामं आवडीनं करतात. घेण्याआधी आपल्या क्रँक आणि कॅम सेन्सरचा दात्यांचा पॅटर्न त्यात आहे का बघा, आणि कॉइलमध्ये इग्नायटर आत आहे की बाहेर ते बघा. इग्नायटर आत नसलेल्या कॉइलला थेट जोडलात तर बोर्ड जळतो. हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरच्या नंतर.

वाइडबँड मीटर, म्हणजे धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा, बॉशच्या एलएसयू ४.९ सेन्सरचाच घ्या. सेन्सर टर्बोपासून अर्धा मीटर पुढं, आडव्या रेषेच्या किमान दहा अंश वर कललेला, नाहीतर पाणी साचून फुटतो. मीटर लॅम्डावर ठेवा, म्हणजे हवेचं प्रमाण बरोबर मिश्रणाच्या किती पट आहे त्या आकड्यावर. ई२० ला शुद्ध पेट्रोलचा १४.७ चा (एका भाग पेट्रोलला इतके भाग हवा) आकडा लागू पडत नाही, त्याचं बरोबर मिश्रण साडेतेराच्या आसपास येतं, पण लॅम्डा १.० हा दोन्हीला १.० च असतो.

प्लग एक नंबर थंड. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलटं. गॅप ०.७ मिलिमीटर.

ट्यूनिंग

पहिल्यांदा वेस्टगेट उघडा बांधून ठेवा, म्हणजे बूस्ट येणारच नाही. आयडल, गरम होताना, हळू चालवताना लॅम्डा १.० च्या आसपास बसवा. ते नीट बसल्याशिवाय वेस्टगेट सोडायची घाई नको. मग तिसऱ्या गिअरमध्ये ३५०० पर्यंत, लॉग बघायचा, टेबल सुधारायचं, मग ४५००, मग वर. बूस्टमध्ये लॅम्डा ०.७८ ते ०.८०. टायमिंग सुरुवातीला दर ०.१ बारला दीड अंश मागं, म्हणजे ०.४ ला सहा अंश. ओव्हरबूस्ट कट ०.५५ बारवर आणि लॅम्डा ०.८५ च्या वर गेल्यास बूस्टमध्ये फ्युएल कट, हे दोन्ही पहिल्या दिवसापासून चालू. हे काम रस्त्यावर करू नका. पुण्याला चेसिस डायनो (गाडी जागेवर रोलरवर चालवून ताकद मोजायचं मशीन) आहेत, अर्ध्या दिवसाचे पैसे द्या.

नॉक ऐकायला एक साधं साधन करा. तांब्याची नळी घ्या, टोक चेपून भोक पाडा, इंजिन ब्लॉकवर बोल्टनं आवळा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि ती कारखान्यात कानाला लावतात त्या मफमध्ये. नॉकिंग झालं तर काचेवर खडे पडल्यासारखा स्पष्ट आवाज येतो. दोन अंश टायमिंग काढा आणि पुन्हा ऐका. ज्या पॉइंटला आवाज गेला, त्याच्याही दोन अंश मागं थांबा. ते दोन अंश म्हणजे मे महिन्यातली दुपार आणि एखाद्या पंपावरचं हलकं पेट्रोल.

मला आलेला खर्च असा: टर्बो आणि कार्ट्रिज साडेसोळा हजार, ईसीयू, सेन्सर आणि वायरिंग अठरा, वाइडबँड पंधरा, इंजेक्टर, नळ्या आणि गेज बारा, डायनो आठ. मॅनिफोल्ड, डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) आणि मशीनिंग तेरा, इंटरकूलर आणि पाइप नऊ, ऑइल-पाण्याच्या लाइनी पाच, स्टड-गॅस्केट-क्लॅम्प चार, बेल्ट-प्लग-ऑइल सहा. एक लाख साडेसहा हजार, आणि त्यातले त्रेपन्न हजार पेट्रोल आणि मोजमापाचे. बाहेरून लोखंडाचं काम करून घेतलं असतं तर तेच पैसे मॅनिफोल्ड आणि डाउनपाइपनं खाल्ले असते.

पहिल्या दोन-तीन धावांनंतर इंजिन गार झालं की मॅनिफोल्डचे सगळे नट पुन्हा आवळा, ते सैल होतातच. ऑइल आणि फिल्टर पहिल्या दिवसानंतरच बदला, वेल्डिंग-मशीनिंगचा उरलासुरला कण त्यात निघून जातो. प्लग काढून भिंगाखाली बघा. सिरॅमिकवर मिऱ्यासारखे काळे ठिपके किंवा अॅल्युमिनियमची चमक दिसली तर नॉक होतंय, बूस्ट बंद करून टायमिंग परत बघा. गाडी थांबवल्यावर मिनिटभर आयडलला ठेवून मगच बंद करा. क्लच चौथ्या गिअरमध्ये घसरायला लागला, आरपीएम वाढतंय आणि वेग तिथंच असं दिसलं, की प्रेशर प्लेट आणि फेसिंग बदलायची वेळ आली. त्याचे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवा, आणि ते झाल्यावर पुढचा खर्च बूस्टवर न करता ऑइल कूलर आणि चांगल्या ब्रेक पॅडवर करा.